खिडकीतलं ऊन सरकलं आणि पानं गळाली

झाड घरी आणल्याच्या अकराव्या दिवशी मी पहिल्यांदा गळलेली पानं मोजली. 47 भरली. त्यातलं एकही पिवळं नव्हतं, वाळलेलं नव्हतं, किडीनं खाल्लेलं नव्हतं. हिरवीगार, चकचकीत, आत्ताच कुणी खुडून टाकल्यासारखी. दुसऱ्या दिवशी आकडा 60च्या वर गेला. पडदा सारताना फांदीला जरा धक्का लागला, की चार-पाच पानं टपटप फरशीवर. माझ्या हातून काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं. काय चुकतंय, ते कळत नव्हतं.

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचनकडे निघालं की नर्सऱ्या लागायला सुरुवात होते. जानेवारीतल्या एका रविवारी तिथून ते आणलं. साडेचार फूट उंची, तीन कोवळ्या खोडांची वेणी घातलेली आणि वर पानांचा गोल, भरगच्च डेरा. नर्सरीवाल्यांच्या तोंडी त्याचं नाव ‘फायकस’, फार तर ‘बेंजामिना’. फांद्या टोकाकडे खाली झुकतात म्हणून इंग्रजीत त्याला वीपिंग फिग म्हणतात. फायकस बेंजामिना हे शास्त्रीय नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनं 1767 साली दिलं. परदेशी शोभेचं झाड म्हणून आपण ते विकत घेतो खरं, पण भारतापासून थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत ते आपणहून वाढतं आणि जमिनीत असलं तर 30 मीटरपर्यंत जातं. वड, पिंपळ, उंबर, अंजीर हे सगळे फायकसच. म्हणजे मी दिवाणखान्यात वडाचा चुलतभाऊ आणून ठेवला होता.

हे नातं आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, शास्त्रीय नाव न ऐकता ओळखलं. झाड गाडीतून उतरवताना एक पान तुटलं आणि देठाशी दुधासारखा थेंब आला. तो बघून त्या म्हणाल्या, “अगं, हे चिकाचं झाड आहे. वडा-पिंपळाच्या जातीचं. असली झाडं घरात लावत नाहीत.” त्यांचं सगळं आयुष्य साताऱ्याकडच्या वाड्यात गेलेलं. भिंतीच्या फटीत पिंपळाचं बी रुजलं की वर्षभरात चिरा सरकतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. या झाडाच्या मुळांचीही ताकद तीच आहे. जमिनीत लावलं तर ती फरशी उचलतात, पाइपात शिरतात. कुंडीत ती ताकद कोंडून राहते, हे मला पुढं कळलं.

मी ते आणलं त्याला एक कारण दिसण्याचं होतं आणि दुसरं हवेचं. ‘घरातली हवा शुद्ध करणारी झाडं’ अशा याद्यांमध्ये हे नाव हमखास असतं. त्या याद्यांचं मूळ नासाच्या 1989च्या एका अहवालात आहे. तिथं झाडं छोट्या, बंद पेट्यांमध्ये ठेवून प्रयोग केले होते. नंतर, 2019 मध्ये, अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले गेले. खिडकी-दारातून जेवढी हवा सहज बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला निदान 10 ते 1000 झाडं लागतील, असं त्यातून निघालं. आमच्या दिवाणखान्यात एक आहे. हे मी नंतर वाचलं. वाईट वाटलं नाही, कारण तोवर झाड त्या कारणासाठी घरात राहिलेलं नव्हतं.

तर त्या पहिल्या जानेवारीत मी काय केलं ते सांगते. झाड टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवलं, कारण तिथं ते छान दिसत होतं. पानं गळायला लागल्यावर वाटलं, पाणी कमी पडतंय. रोज एक तांब्या घालायला सुरुवात केली. गळती थांबेना, म्हणून जागा बदलली. आधी खिडकीत, मग तिथं दुपारचं ऊन फार वाटलं म्हणून जेवणाच्या टेबलापाशी, मग कुणीतरी म्हणालं ओलावा हवा, म्हणून बाथरूमच्या दाराजवळ. तीन आठवड्यांत चार जागा. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत डेरा विरळ होऊन पलीकडची भिंत दिसायला लागली, आणि आता खालची पानं पिवळी पडून गळू लागली. कुंडीजवळ वाकलं की कुबट वास यायचा.

त्या वासानं मी घाबरले आणि झाड कुंडीतून काढलं. बाल्कनीत जुनी चादर पसरून कुंडी आडवी केली, बुंधा धरून हळूहळू ओढला. आत जे दिसलं ते पाहून बरंच काही उलगडलं. नर्सरीतून येतानाचा लाल मातीचा गोळा जसाच्या तसा होता, विटेसारखा घट्ट. त्याच्याभोवती मी कुंडीत भरलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. पाणी घातलं की ते सगळं बाहेरच्या कोकोपीटमध्ये मुरायचं आणि तिथंच साचून राहायचं. मधला गोळा आतून कोरडा, बाहेरची मुळं मात्र चिखलात. बाहेरची बरीच मुळं काळी पडलेली होती, बोटांनी ओढली की साल निघून हातात यायची. म्हणजे एकच झाड एकाच वेळी तहानलेलंही होतं आणि कुजतही होतं.

तो गोळा मी बादलीभर पाण्यात तासभर बुडवून ठेवला आणि जेवणातल्या काट्यानं कडेकडेनं मोकळा केला. सगळा नाही काढला. मधला मूठ-दीड मूठ भाग तसाच ठेवला, नाहीतर उरलेली चांगली मुळंही तुटली असती. काळी, मऊ मुळं कात्रीनं कापली. पांढरट-तपकिरी आणि टणक होती ती ठेवली. नवीन मिश्रण असं केलं: दोन भाग बागेतली माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि एक भाग जाडी वाळू व विटांचा बारीक चुरा. वर मूठभर निंबोळी पेंड. कुंडी मुद्दाम मोठी घेतली नाही. मुळं कमी झालेल्या झाडाला मोठी कुंडी दिली की न वापरलेल्या मातीत पाणी साचून राहतं आणि पुन्हा तीच गत होते. माझी कुंडी 10 इंची होती, तीच धुऊन वापरली. तळाच्या भोकांवर खापराचे तुकडे आडवे ठेवले.

पाणी कधी घालायचं हे मी घड्याळावर ठरवायचं सोडलं ते तेव्हापासून. देवघरातल्या अगरबत्तीची उरलेली काडी मातीत चार इंच खुपसायची, दहा मिनिटांनी बाहेर काढायची. ओली माती चिकटून आली तर आज पाणी नाही. काडी वरच्या दोन इंचांपर्यंत कोरडी आली, की भरपूर घालायचं, खालच्या ताटलीत निथळेपर्यंत, आणि ताटलीतलं ओतून टाकायचं. आमच्या घरी हा हिशेब मे महिन्यात तीन दिवसांवर येतो आणि ऑगस्टमध्ये दहा-बारा दिवसांवर जातो. ‘आठवड्यातून दोनदा’ असं जे सर्रास सांगितलं जातं, ते आमच्या घरात वर्षातल्या जेमतेम दोन महिन्यांना लागू पडलं.

तरीही मूळ प्रश्न सुटला नव्हता. पिवळी पानं का गळली ते कळलं. पण पहिल्या अकरा दिवसांतली हिरवी पानं? तेव्हा तर मुळं धडधाकट होती.

ते उत्तर नर्सरीतल्या काकांकडून मिळालं. शेणखत आणायला गेले होते तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “ताई, तुम्ही झाड उचललं ते शेडनेटखालून, का बाहेरच्या उन्हातल्या रांगेतून?” मला आठवत होतं. बाहेरच्या रांगेतून. तिथली जास्त भरगच्च दिसत होती. “मग गळणारच,” ते म्हणाले. “उन्हात वाढलेलं पान अंधारात पोट भरू शकत नाही. झाड ते टाकून देतं आणि नवीन करतं.”

नंतर जे वाचलं त्यातूनही हेच पक्कं झालं. भर उन्हात आलेलं पान जाड असतं, लहान असतं, आणि त्याचा स्वतःचा खर्चही मोठा असतो. कमी उजेडात ते जेवढं बनवतं त्याहून जास्त वापरतं. असं पान झाडाला ओझं. मग देठाच्या तळाशी पेशींचा एक पातळ थर सैल होतो आणि पान हिरवं असतानाच सुटतं. ही झाडाची मोडतोड नाही, त्यानं केलेली काटछाट आहे. काही आठवड्यांनी त्याच फांद्यांवर नवीन पानं येतात ती पातळ, थोडी मोठी, गडद, आणि त्या कमी उजेडात भागवणारी असतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या उत्पादकांनी हे ओळखून 1970च्या दशकापासून ही झाडं विक्रीआधी काही महिने दाट सावलीत ठेवून सवय लावायला सुरुवात केली. आपल्याकडे ते काम घेणाऱ्यालाच करावं लागतं.

आणि मी काय केलं होतं? झाड नवीन पानांची तयारी करायला लागलं, की जागा बदलली. चार जागा म्हणजे चार वेळा त्याला हिशेब नव्यानं मांडायला लावला. हे कळलं त्या रात्री मला खरंच फार अपराधी वाटलं.

मग जागा ठरवायची होती, कायमची. फोनवर उजेड मोजायचं एक ॲप घेतलं आणि एका दुपारी घरभर फिरले. टीव्हीशेजारचा कोपरा 180 लक्स. जेवणाचं टेबल 300. दिवाणखान्याच्या खिडकीपासून तीन फुटांवर 4000च्या आसपास. हे आकडे काटेकोर नाहीत, फोनाफोनागणिक बदलतात. पण आपला डोळा किती फसवतो ते त्यांनी मला दाखवलं. मला कोपरा आणि खिडकी यांत ‘जरा कमी-जास्त’ एवढाच फरक वाटत होता. झाडासाठी तो वीसपटींहून जास्त होता. खिडकीपासून तीन फुटांवरची जागा नक्की केली, कुंडीच्या काठावर खडूनं खूण केली आणि ठरवलं की आता हलवायचं नाही. आईंनी तेवढं विचारलं, “म्हणजे सोफा सरकवायचा?” सोफा सरकवला.

मार्चअखेर टोकाटोकांना नवीन कोंब आले. वडाला येतो तसाच, फिकट आवरणात गुंडाळलेला, अणकुचीदार. आवरण गळून पडलं की आतून पोपटी पान उलगडतं. चैत्रात सगळं झाड पोपटी झालं. आई रोज सकाळी चहा घेऊन तिथं बसायला लागल्या.

जूनमध्ये पानं पुन्हा गळायला लागली.

या खेपेला मी काहीही बदललेलं नव्हतं. पाणी काडीनं बघून, जागा तीच, खडूची खूण तिथंच. दोन दिवस मी नुसती विचार करत बसले. मग लेक म्हणाली, “आई, इथं आधी ऊन यायचं ना गं?” आणि मला लख्ख दिसलं. आमची ती खिडकी दक्षिणेची आहे. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, दुपारचं ऊन खिडकीतून चार फूट आत येतं. मार्चपर्यंत ते उंबरठ्याशी आटतं. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, आणि दक्षिणेच्या खिडकीत उन्हाची एक तिरीपही येत नाही. त्यात जूनचे ढग. फोननं त्याच तीन फुटांवर आता 900 दाखवलं.

झाड मी हलवलं नव्हतं. उजेड हलला होता.

इतकी वर्षं या घरात राहून मला हे माहीत नव्हतं. शाळेत उत्तरायण-दक्षिणायन पाठ केलेलं, संक्रांतीला तिळगूळ वाटलेला, पण आपल्याच फरशीवर ऊन कुठून कुठं जातं याकडे कधी बघितलंच नव्हतं. त्या वर्षी मी बघितलं. दर महिन्याच्या 21 तारखेला दुपारी साडेबाराला उन्हाच्या कडेवर पेन्सिलीनं रेघ मारायची. एका फरशीचा तुकडा अजून त्या रेघांनी भरलेला आहे, पुसताना मी तेवढा सोडते. त्यावरून जे ठरलं ते असं: जूनच्या पहिल्या आठवड्यात झाड रोज थोडं, चार-चार इंच, असं आठवडाभरात खिडकीला चिकटवायचं. सप्टेंबरअखेर तसंच हळूहळू मागं. ‘फायकस हलवू नका’ हा सल्ला खरा आहे, पण त्याचा अर्थ मला असा लागला की त्याचा उजेड हलवू नका. त्यासाठी कधीकधी कुंडी हलवावी लागते. दुसऱ्या जूनपासून पावसाळ्यात दिवसाला चार-पाच पानांवर गळती आहे, आणि तेवढी कुठल्याही झाडाची होते.

एकदा मात्र सगळं मुळावर आलं. गणपतीला आठ दिवस कोकणात गेलो. निघताना नवऱ्यानं सुरक्षित म्हणून सगळ्या खिडक्या लावून जाड पडदे ओढले. माझ्या लक्षात आलं ते पोलादपूरजवळ, घाट उतरताना. परत आलो तर कुंडीभोवती पानांचा गालिचा. आठ दिवसांच्या अंधारात जवळजवळ निम्मा डेरा उतरला होता. आता गावाला जाताना पडदे उघडे राहतात आणि किल्ली शेजारी असते.

किडींबद्दल सांगायलाच हवं, कारण दोन्ही वेळा मी उशिरा ओळखल्या.

पहिली ऑक्टोबरात. कोवळी पानं मधल्या शिरेवर घडी पडून करंजीसारखी मिटलेली दिसायला लागली, वर लालसर-जांभळट ठिपके. मला वाटलं पाणी कमी पडून पानं मिटताहेत. एक करंजी नखानं उघडली, तर आत काळे, दोन-तीन मिलिमीटरचे किडे आणि पिवळट पिल्लं वळवळत होती. हे फुलकिडे, थ्रिप्स. यातली एक जात खास याच झाडावर येते आणि पान दुमडून आत घर करते. कडुनिंबाचं तेल फवारलं, पण मिटलेल्या पानाच्या आत ते पोचतच नाही. शेवटी दोन संध्याकाळी बसून प्रत्येक दुमडलेलं पान खुडलं, पिशवीत घालून गाठ मारली. केराच्या बादलीत उघडी टाकली असती तर ते परत उडून आले असते. महिनाभर दर तीन दिवसांनी नवीन शेंडे तपासले. आमच्या सोसायटीच्या कुंपणालाही हेच झाड आहे आणि त्यावर हे किडे कायम असतात, म्हणून पावसाळा संपला की मी शेंडे बघतेच.

दुसरी कीड पायाला कळली. झाडाजवळची फरशी चिकट लागायची. दोन दिवस पुसली, तिसऱ्या दिवशी पुन्हा चिकट, आणि खोडावरून मुंग्यांची रांग. पानं उलटी केली तर मधल्या शिरेच्या कडेनं तपकिरी, तिळाएवढे उंचवटे, झाडाचाच भाग वाटावेत असे. खवले कीड. ती रस शोषते आणि गोडसर चिकटा सोडते. त्यावर मुंग्या येतात, पुढं काळी बुरशीही धरते. साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून एकेक खवला पुसून काढला. मग लिटरभर पाण्यात पाच मिली निमतेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, असं आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूनं. चार आठवडे. मी पानं पुसायची आणि आई देठाशी राहिलेले खवले शोधून दाखवायच्या. त्यांची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण निघाली.

पाण्याचं एक दुखणं आमच्या भागातल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. एप्रिलपासून टँकर. ते पाणी बोअरचं, जड. मातीवर आणि कुंडीच्या काठाला पांढरा खरपुडा धरायचा आणि पानांची टोकं तपकिरी व्हायची. त्यावर उपाय पावसाळ्यात सापडला. जुलैच्या एका उघडिपीला कुंडी बाथरूममध्ये नेऊन गच्चीवर धरलेलं पावसाचं पाणी हळूहळू, चार-पाच बादल्या, मातीतून जाऊ दिलं. क्षार वाहून गेले. झाड तासाभरात परत जागेवर, खडूच्या खुणेवर. तेवढ्यानं ते रुसत नाही.

खताला मार्च ते सप्टेंबर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत, आणि पंधरा दिवसांनी 19:19:19, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत, एक ग्रॅम लिटरभर पाण्यात. थंडीत काही नाही. याहून जास्त सांगण्यासारखं खताबद्दल माझ्याकडे नाही.

चिकाबद्दल आई जे म्हणाल्या होत्या ते मी पहिल्या छाटणीला मनावर घ्यायला हवं होतं. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत छताला टेकायला आलेले शेंडे कापले, उघड्या हातांनी. प्रत्येक कापावर पांढरा चीक, तो मनगटावरून ओघळला. संध्याकाळी दोन्ही मनगटं लाल, पुरळ, रात्रभर खाज. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, रबरी हातमोजे किंवा फुगे यांचा त्रास होतो का? ज्यांना तो होतो त्यांनी या झाडापासून जपावं. काहींना ताजं अंजीरही सोसत नाही. मला तेवढी तीव्र ॲलर्जी नाही, नुसता त्वचेचा दाह होता. पण हे ॲलर्जीचे कण पानांवरच्या धुळीबरोबर हवेतही येऊ शकतात, म्हणून पानं कोरड्या फडक्यानं झटकायची नाहीत, ओल्या फडक्यानं पुसायची, हे तेव्हा कळलं. आता छाटणीला पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि प्लास्टिकचे मोजे. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, स्पिरिटनं पुसलेलं. खाली वर्तमानपत्र, कारण फरशीवर वाळलेला चीक निघता निघत नाही. कापावर गार पाण्याचा फवारा मारला की चीक लवकर थांबतो. घरात मांजर किंवा कुत्रं असेल तर त्यांनी पान चघळणार नाही असं बघायला हवं. तोंडाची आग होते, लाळ गळते, उलट्या होतात.

छाटणीनंतर झाड उघडंबोडकं दिसलं आणि महिन्याभरात कापाखाली प्रत्येक ठिकाणी दोन-दोन शेंडे फुटले. आतल्या बाजूच्या काही बारीक फांद्याही काढल्या, उजेड मधे पोचावा म्हणून. त्यानंतर आतून पानं पिवळी पडणं जवळजवळ थांबलं.

झाडाला फळं धरत नाहीत का, असं लेकीनं एकदा विचारलं होतं. मोठ्या झाडांना धरतात, लहान उंबरांसारखी. फूल मात्र दिसत नाही, ते फळाच्या आत असतं. आईंनी तिला सांगितलं, “म्हणूनच क्वचित येणाऱ्या माणसाला उंबराचं फूल म्हणतात.” त्या बंद फुलांमध्ये शिरायला खास जातीची इवलीशी गांधीलमाशी लागते, ती नसेल तर बी धरत नाही. त्यामुळं कुंडीतलं झाड वाढवायचं तर फांदीपासूनच.

ते मी गेल्या जूनमध्ये केलं. गुटी कलम. पाऊस स्थिरावल्यावर पेन्सिलीएवढी जाड एक फांदी निवडली, पानांच्या पेराखाली इंचभर साल गोलाकार काढली, खालचा हिरवा पापुद्रा सुरीनं खरवडला. तो राहिला तर जखम भरून येते आणि मुळं फुटत नाहीत. चीक थांबेपर्यंत पुसला. मुळं फुटण्याची पावडर लावली, भिजवून पिळलेलं मॉस मूठभर गुंडाळलं, वर पारदर्शक प्लास्टिक आणि दोन्ही टोकांना सुतळी. पाचव्या आठवड्यात प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली, सातव्यात ती तपकिरी होऊन सगळीकडे पसरली. गुटीखालून कापलं आणि सहा इंची कुंडीत लावलं. आईंनी त्यावर पाण्याचा पहिला हात फिरवला. वटपौर्णिमेला मात्र त्या अजूनही देवळाजवळच्या वडालाच जातात. मी एकदा म्हटलं, हाही त्याच घराण्यातला. “घराण्यातला असेल,” त्या म्हणाल्या, “वड तो वड.”

गुटीचं ते रोप आता दोन फुटांचं आहे. लेकीला बंगळुरूला नोकरी लागली तेव्हा तिनं ते मागितलं. मी म्हटलं, आधी तुझ्या खोलीची खिडकी दाखव. तिनं सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजताचे फोटो पाठवले, शिवाय न सांगता लक्सचे आकडेही. खिडकी उत्तरेची, दहा फुटांवर समोरच्या इमारतीची भिंत, दुपारी बारालाही 250. आम्ही दोघींनी फोनवर बराच वेळ हिशेब केला, टेबल सरकवून पाहिलं, दिवा लावायचा विचार केला. शेवटी तीच म्हणाली, “नको गं, राहू दे. मार्चमध्ये खोली बदलणार आहे मी, तेव्हा पूर्वेची बघते.”

रोप सध्या इथंच आहे, मोठ्या झाडाच्या डाव्या बाजूला. त्याच्या कुंडीलाही खडूची खूण केली आहे.